लग्नाची तिथि आणि लग्नाचा कागद

(तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारीं गांवच्या वाचनालयांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



तुळशीचें लग्न लागलें, आतां आपल्या घरांतलीं लागतील. कोणाच्या सोयाबीनचे पैसे हातीं आले, कोणाचे अजून व्यापाऱ्याकडे अडकले. तरी ज्याच्या घरीं लग्नाचें लेंकरूं आहे त्याचा हिशेब सुरू झालाच आहे. मांडव केवढा, बस्ता कोठें बांधायचा, वाजंत्री कोण, आचारी कोण, मामाला पोशाख काय, व्याह्याला फेटा कसला, हें सारें दोन-दोन महिने आधीं ठरतें. आणि कागद? पूजा-गोंधळ आटोपतो, मुलगी चार वेळां माहेरीं येऊन जाते, तरी तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मग एके दिवशीं सुनेचें नांव शिधापत्रिकेंत घालायचें असतें, किंवा पोराला नोकरीवर बायकोचें नांव लावायचें असतें, आणि मंडळी शाळेच्या पायरीवर येऊन विचारतात, "गुरुजी, लग्नाचा दाखला कोठें मिळतो?"

माझें आजचें म्हणणें थोडक्यांत असें आहे, कीं कागदाचे दिवस आधीं मोजा आणि मग तिथि धरा. आपण नेमकें उलटें करतों.

कोणी म्हणेल, आमच्या आज्याचें लग्न कोणीं नोंदविलें होतें? कोणींच नाहीं. आज्याच्या वेळीं गांव हाच साक्षीदार होता. वरात सगळ्या आळीनें पाहिली, पंगत सगळ्या भावकीनें जेविली. पुढें तंटा पडला तर पाटलापुढें दहा माणसें उभीं रहात. आतां मुलगा चाकणला कारखान्यांत, मुलगी नाशकाकडची, करवली मुंबईला, आणि हळद लावणारी मावशी वारलेली. साक्षीदार पांगले. जी गोष्ट पूर्वीं माणसांच्या आठवणींत रहात होती, ती आतां कागदावर न राहिली तर कोठेंच रहात नाहीं.

लग्न कोणीं लावावें हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनीं एकदां लढून सोडविला आहे. १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच सालीं जोतीराव फुले यांच्या पुढाकारानें भटजीवांचून लग्न लागलें. पुढें जुन्नर तालुक्यांत ओतुरास तशींच लग्नें लागलीं, तेव्हां गांवच्या जोशांनीं आपला हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलें आणि १८९० सालीं निकाल लागला, कीं घरधन्यानें जोशाला बोलावलेंच पाहिजे असें नाहीं. तें भांडण संपलें. परंतु जोशाची ती जागा रिकामी राहिली नाहीं. तेथें आतां दुसरा येऊन बसला आहे. तो कचेरीबाहेर झाडाखालीं, नाहींतर झेरॉक्सच्या दुकानांत बसतो. त्याच्या बगलेंत पंचांग नसतें, नमुने असतात. "तुम्हांला कळायचें नाहीं, माझ्यावर सोडा," असें तो म्हणतो. आपल्या खापरपणज्याला याहून निराळें काय ऐकावें लागत होतें? अहो, नमुना मराठींत छापलेला असतो. सातवींतल्या पोरीला तो वाचतां येतो. मीं वर्गांत वाचवून पाहिला आहे.

या दलालानें एक शब्द रूढ केला आहे, तो 'कोर्ट मॅरेज'. त्यांत कोर्ट कोठेंच नाहीं. न्यायाधीश लग्न लावीत नाहीं, वकील लावीत नाहीं आणि नोटरी तर मुळींच नाहीं. नोटरीपुढें दोघांनीं प्रतिज्ञापत्र केलें, 'आम्ही नवरा-बायको आहोंत' असें लिहिलें, त्यावर लाल शिक्का बसला, म्हणजे लग्न झालें असें नव्हे. तो कागद म्हणजे दोघांनीं दिलेली जबानी, यापलीकडे त्याची किंमत नाहीं. पळून गेलेलीं पोरें असा कागद छातीशीं धरून हिंडतात, तेव्हां मला त्यांच्यापेक्षां त्यांच्याकडून हजारों रुपये उकळणाऱ्याचा जास्त राग येतो.

तर कायद्याच्या वाटा दोन आहेत, आणि आपण कोणत्या वाटेनें जाणार हें आधीं ठरवावें लागतें. कारण दोन्ही वाटांचे कागद निराळे आणि दिवसहि निराळे.

पहिली वाट आपल्या नेहमींची. घरीं, मांडवांत, आपल्या रूढीप्रमाणें लग्न लावायचें आणि मग तें नोंदवायचें. १९५५ चा हिंदु विवाह कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाहि लागू आहे. त्याच्या सातव्या कलमांत सांगितलें आहे, कीं वधू किंवा वर यांपैकीं कोणत्याहि एका पक्षाच्या रूढीचे विधि झाले कीं लग्न होतें. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवें पाऊल पडलें म्हणजे तें पुरें होतें. सप्तपदी सगळ्यांवर लादलेली नाहीं, हें नीट ध्यानांत घ्या. पण जी कांहीं रूढि असेल ती पुरी झाली पाहिजे.

येथें दोन खटले सांगतों, कारण ते दोन बाजूंनीं एकच गोष्ट दाखवितात. महाराष्ट्रांतल्या एका बाईच्या नवऱ्यानें ती नांदत असतां दुसरी बायको केली. बाईनें फिर्याद केली. नवऱ्याचें म्हणणें असें, कीं दुसऱ्या लग्नांत आवश्यक विधि झालेच नाहींत, म्हणून तें लग्नच नव्हे. १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें. जो थोडका विधि झाला होता तोच त्यांच्या जातीची रूढि आहे, हें शाबीत झालें नाहीं, आणि नवरा सुटला. पहिलीवर अन्याय झालाच. पण त्या दुसरीचें काय झालें असेल, तिची आपण कोण म्हणून गणना करायची, याचाहि विचार करा. दुसरी गोष्ट २०२४ सालची. एका जोडप्यानें विधि न करितांच एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेतलें, त्यावरून सरकारी नोंदहि करून घेतली, आणि समारंभ पुढें करूं म्हणून ठेवून दिला. मध्यें बिनसलें. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं विधि झाला नाहीं तर नुसत्या नोंदीनें हिंदु विवाह कायद्याखालीं लग्न होत नाहीं. म्हणजे पहिल्या वाटेनें जाणाऱ्याला विधि आणि नोंद हीं दोन्ही पाहिजेत. नोंद ही लग्नाची साक्ष आहे. लग्न म्हणजे तीच नव्हे.

आपल्यांतल्या ज्यांना सत्यशोधक पद्धतीनें किंवा चार हार घालून साधेपणानें करायचें असतें, त्यांच्यासाठीं एक शब्द जास्त. तामिळनाडूनें १९६७ सालीं या कायद्यांत निराळें कलम घालून पुरोहिताशिवाय आप्तेष्टांपुढें लागणारीं लग्नें कायदेशीर केलीं. आपल्याकडे भिस्त रूढीवर आहे, आणि रूढि ही वेळ पडल्यास कोर्टांत शाबीत करावी लागते. म्हणून अशांनीं विधीचा पुरावा दुप्पट जपावा: छापील पत्रिका, प्रतिज्ञा म्हणतांनाचे फोटो, सहीनिशीं साक्षीदार. नाहींतर सरळ दुसरी वाट धरावी. ती पुढें सांगतों.

आधीं पहिल्या वाटेची नोंद. मुंबई राज्यांत १९५३ चा विवाह नोंदणीचा कायदा होता. त्याच्या जागीं १९९८ चा महाराष्ट्राचा कायदा आला. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि सर्व राज्यांना बजावलें, कीं कोणत्याहि धर्माचें लग्न असो, त्याची नोंद सक्तीची करा. आपल्या राज्यांत लग्नापासून ९० दिवसांच्या आंत नवरा-बायकोनें ठरलेल्या नमुन्यांत अर्ज भरून निबंधकाकडे द्यायचा असतो. खेड्यांत हा निबंधक म्हणजे ग्रामपंचायतींतला तोच अधिकारी, ज्याला आपण वर्षानुवर्षें ग्रामसेवक म्हणत आलों. शहरांत नगरपालिकेच्या कचेरींत जावें लागतें. अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि लग्न लावणाऱ्याचीहि. दोघांचे वयाचे दाखले, राहण्याचा पुरावा, लग्नपत्रिका, फोटो एवढें बरोबर असलें कीं काम होतें. मुदत उलटली तर नोंद होते, पण फी वाढते आणि हेलपाटे वाढतात. नोंद केली नाहीं एवढ्यावरून लग्न बेकायदा ठरत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे, कारण तेवढी भीति घालून लुबाडणारे आहेत. पण ९० दिवस म्हणजे तीन महिने होतात. मांडव उतरल्यावर आचाऱ्याचे पैसे द्यायला जसें आठवणीनें जातां, तसें तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पंचायतींत जा. तेव्हां साक्षीदार अजून गांवांतच असतात. पुण्या-मुंबईचा मामा परत गेला कीं त्याची सही मिळवायला पुढची दिवाळी उजाडते.

आतां दुसरी वाट. ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. हिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १८७२ सालीं इंग्रजांनीं असा एक कायदा केला होता, पण त्याखालीं लग्न करणाऱ्याला 'मी हिंदु नाहीं, मुसलमान नाहीं, ख्रिस्ती नाहीं' असें लिहून द्यावें लागे. निराळ्या जातींत लग्न करायचें तर आधीं आपला धर्मच नाकारायचा! विठ्ठलभाई पटेलांनीं १९१८ सालीं आंतरजातीय लग्नांचें बिल आणलें, त्यावर केवढा गदारोळ झाला. १९२३ सालीं हिंदु, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती ती अट थोडी सैल झाली. १९५४ च्या कायद्यानें ती सर्वांसाठीं गेली. आज कोणत्याहि जातीचीं, कोणत्याहि धर्माचीं दोन माणसें आपापला धर्म न सोडतां या वाटेनें लग्न करूं शकतात. जात एक असली तरीहि करूं शकतात. ही वाट फक्त पळून जाणाऱ्यांची आहे हा समज खोटा आहे.

या वाटेवर कागद आधीं आणि लग्न मागून, म्हणून येथें दिवस फार मोजून धरावे लागतात. दोघांपैकीं निदान एकजण ज्या जिल्ह्यांत मागचे सलग ३० दिवस रहात आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. म्हणजे कालच पुण्याला खोली घेतली आणि आज नोटीस दिली, असें चालत नाहीं. नोटीस नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरूनहि भरतां येते. सर्व्हर चालू असला म्हणजे. अधिकारी ती पुस्तकांत नोंदवितो आणि कचेरींत दर्शनी जागीं लावतो. दोघांपैकीं कोणाचें कायमचें घर दुसऱ्या जिल्ह्यांत असेल तर एक प्रत तिकडच्या कचेरींतहि लागते. तेथून ३० दिवस जाऊं द्यायचे. त्यानंतर लग्न लावतां येतें. पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आंत तें लागलें पाहिजे, नाहींतर नोटीस रद्द होऊन पुन्हां पहिल्यापासून आरंभ. हिशेब करून सांगतों: १ डिसेंबरला नोटीस दिली तर नवें वर्ष उजाडेपर्यंत लग्न नाहीं, आणि फेब्रुवारी उलटला तर नोटीस मेली. या जानेवारी-फेब्रुवारीच्या मधली तारीख अधिकाऱ्याकडून आधीं ठरवून घ्यायची आणि मग पत्रिका छापायची. 'गुरुवारीं मुहूर्त आहे, बुधवारीं कचेरींत जाऊं' म्हणणारे शेवटीं दलालाच्या दारांत सांपडतात, आणि तो त्यांना नोटरीचा लाल शिक्का देतो.

ठरल्या दिवशीं तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हजर पाहिजेत. दोघें आणि साक्षीदार अधिकाऱ्यापुढें घोषणापत्रावर सह्या करतात. विधि तुम्हांला हवा तो करा, हार घाला, अक्षता टाका, कांहींच न करा. परंतु दोघांनीं एकमेकांस, आपल्याला समजेल त्या भाषेंत, अधिकाऱ्याच्या व साक्षीदारांच्या कानांवर जाईल असें म्हटलें पाहिजे, कीं मी तुला माझी कायदेशीर पत्नी, माझा कायदेशीर पति म्हणून स्वीकारतों, स्वीकारतें. तेथें लग्न होतें. मला यांत मोठी गंमत वाटते. जोतीरावांनीं घातलेल्या पद्धतींतहि वधूवरांनीं स्वतःच्या तोंडानें एकमेकांस शब्द द्यायचा असतो, आणि तो त्यांना कळणाऱ्या मराठींत. कायदाहि त्याच जागीं येऊन पोंचला. मग अधिकारी प्रमाणपत्र देतो, आणि या कायद्याखालीं तेंच लग्नाचा निर्णायक पुरावा असतें. फी भरल्यास अधिकारी कचेरीबाहेर, बेताच्या अंतरावर, तुमच्या मांडवांतहि येऊं शकतो.

नोटीस भिंतीवर लागते याची पुष्कळांना धास्ती असते. लागते खरी. पण हरकत घेणाऱ्याला कोणतेंहि कारण चालत नाहीं. दोघांपैकीं कोणाचा जोडीदार हयात आहे, वय भरलेलें नाहीं, वेडामुळें संमति देण्याची शक्ति नाहीं, नातें निषिद्ध आहे, अशा कायद्यांतल्या अटींवरच हरकत घेतां येते. मुलगा अमक्या जातीचा आहे, बाप रागावला आहे, आमच्या भावकीला कमीपणा येतो, हीं कारणें कायद्याच्या पुस्तकांत नाहींत. हरकत आली तर अधिकाऱ्यानें ३० दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा, आणि त्यावर जिल्हा न्यायालयांत अपील आहे. सज्ञान मुलामुलीच्या लग्नांत जातपंचायतीनें पडणें बेकायदा आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट सांगितलें, आणि कुटुंबाला वाळींत टाकणें हा आपल्या राज्यांत २०१६ च्या कायद्यानें गुन्हा आहे. हें मीं मुद्दाम येथें, सगळ्या आळ्यांचीं माणसें बसलीं असतां सांगतों.

आतां एक अडचण फक्त आपल्यासारख्यांची. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहे. हिंदु विवाह कायद्यांत मामे-आत्तेभावंडें निषिद्ध नात्यांत येतात, पण दोघांच्या रूढीला मान्य असेल तर सूट आहे. विशेष विवाह कायद्याच्या यादींतहि मामाची मुलगी आहे. १९६३ च्या दुरुस्तीनें तेथेंहि रूढीला दार उघडलें, पण ती रूढि सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेली असावी लागते. म्हणून मामाच्या घरची सून आणणाऱ्यानें या वाटेला जाऊंच नये. मांडवांत लग्न लावावें आणि पंचायतींत नोंदवावें.

आणि शेताचें काय, हें मागें बसलेल्या आबांच्या चेहऱ्यावरच दिसतें आहे. या वाटेनें लग्न केलें तर मुलाचा वडिलोपार्जित जमिनींतला हिस्सा जातो, असें सांगून बाप पोरांना भिववितात. पूर्वीं या कायद्यानें लग्न करणारा एकत्र कुटुंबांतून तुटलेला समजला जाई. १९७६ पासून दोघेंहि हिंदु, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर तसें होत नाहीं. वारसाहि हिंदु वारसा कायद्यानेंच चालतो. दोघांपैकीं एकाचा धर्म याबाहेरचा असेल तर मात्र एकत्र कुटुंबाचा संबंध तुटतो आणि वारसा १९२५ च्या कायद्यानें चालतो. अशा घरांनीं लग्नाआधीं जाणत्या वकिलाला विचारावें.

वाट कोणतीहि धरा, पहिला अडथळा वयाच्या दाखल्याचा. येथें मी माझ्या धंद्याचें बोलतों. आपल्या तालुक्यांतल्या कोणत्याहि शाळेचें जुनें जनरल रजिस्टर उघडा. अर्ध्या पोरांचा जन्म १ जूनला! जणूं त्या दिवशीं महाराष्ट्रांतल्या सगळ्या सुइणी कामाला लागल्या होत्या. पोर शाळेंत घालतांना बापाला तारीख सांगतां आली नाहीं, गुरुजींनीं शाळा उघडायच्या सुमाराची लिहिली. पुढें पंचायतीच्या जन्मनोंदींत तारीख निघते निराळी, आधारवर तिसरीच. मुलगी खरोखर वीस वर्षांची असली तरी कागदावर एके ठिकाणीं सतराची दिसते आणि काम अडतें. नांवाचेंहि तेंच. शाळेंत 'सखूबाई', आधारवर 'सखु', बँकेंत 'सखुबाई'. लग्नाची बोलणी सुरू झालीं कीं त्याच आठवड्यांत दोन्ही घरच्यांनीं सगळे दाखले एका सतरंजीवर मांडून एकमेकांशीं ताडून पाहावे. चूक सांपडली तर दुरुस्तीला महिने लागतात, आणि शाळा सोडल्यावर शाळेच्या दप्तरांतली तारीख बदलणें तर फारच कठीण. जन्माची नोंद मुळींच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलें असेल तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेंकरांना तर विवाहनोंदणीपर्यंतच्या सगळ्या कामांत जन्माचा दाखलाच वयाचा पुरावा धरला जाणार आहे. ज्यांच्या मांडीवर आज तान्हें आहे त्यांनीं २१ दिवसांच्या आंत नोंद करून मोकळें व्हावें.

वय म्हणजे मुलीला १८ पुरीं आणि मुलाला २१ पुरीं. १९३० सालीं सारडा कायदा सुरू झाला तेव्हां हीं वर्षें १४ आणि १८ होतीं. १९७८ सालीं आजचीं झालीं. माझ्या आठवींतल्या दोन-तीन पोरी दरवर्षीं दिवाळीनंतर शाळेंत दिसेनाशा होतात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पोरीला मागें कोणाच्या भरंवशावर ठेवायची म्हणून लग्न उरकतात. त्यांची काळजी मला कळते. पण २००६ च्या कायद्यानें असें लग्न लावणारा, ठरविणारा आणि होऊं देणारा अशा सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि गांवांत हा कायदा पाहणारा अधिकारी ग्रामसेवकच आहे. ज्याच्याकडे नोंदीला जायचें त्याच्याच हातीं हें बंधन. मग तें लग्न नोंदलें जात नाहीं, आणि पोरीचा कागद कायमचा राहून जातो. पोरीला कोणी बळजबरी करीत असेल तर १०९८ हा दूरध्वनीचा आंकडा तिला पाठ असूं द्या.

दुसरेपणाच्या लग्नांत आणखी कागद. विधवा किंवा विधुर असेल तर पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. सोडचिठ्ठी झाली असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, आणि अपिलाची मुदत संपलेली. आपल्याकडे पंचांपुढें काडी मोडायची आणि स्टँपाच्या कागदावर 'आजपासून एकमेकांचा संबंध नाहीं' असें लिहायचें, याला पुष्कळजण फारकत समजतात. रूढीनें चालत आलेली फारकत कायदा मानतो, पण ती रूढि आपल्या समाजांत खरोखर आहे हें शाबीत करावें लागतें. नुसता स्टँप कांहीं शाबीत करीत नाहीं. अशा कागदावर भरंवसून दुसरें लग्न केलें आणि पहिलीनें फिर्याद केली, तर सात वर्षांपर्यंत कैद. पहिलें लग्न लपवून ठेवलें असेल तर दहा. दुसऱ्या बाईच्या मात्र पदरांत ना नवरा ना हक्क. पोरीला बिजवराला देतांना तेवढा हुकूमनामा डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय सुपारी फोडूं नका. मागायला संकोच वाटतो. पण त्याची जमीन किती हें विचारतांना आपल्याला संकोच वाटत नाहीं.

शेवटीं ज्यांच्यासाठीं हा कागद आहे त्यांच्याबद्दल. पुरुषाला लग्नाच्या दाखल्यावांचून फारसें अडत नाहीं. त्याचें नांव सातबाऱ्यावर असतें, घरपट्टीवर असतें, त्याच्या बापाच्या नांवापुढें असतें. बाईचें नांव माहेरच्या कागदावरून उतरतें आणि सासरच्या कागदावर चढेपर्यंत मध्येंच कोठेंतरी लोंबकळतें. आपल्याच भागांत मीं पाहिलें आहे: नवरा रस्त्यावरच्या अपघातांत गेला, लग्नाला पुरतीं दोन वर्षेंहि नव्हतीं, नोंद नाहीं, मूल नाहीं. वारसाची नोंद करायला ती तलाठ्याकडे गेली तेव्हां सासरच्यांनीं सांगितलें, ही आमची कोणी नव्हे. जिनें त्या घरांत दोन खरीप आणि दोन रब्बी राबून काढले, ती आपल्या लग्नाचा पुरावा शोधीत माहेरच्या ट्रंकेंतले फोटो घेऊन वकिलाच्या पायऱ्या चढत होती. अपघाताची भरपाई, नवऱ्याच्या कामावरची शिल्लक, विधवेचें मानधन, शेतांतला वाटा, सगळें त्या एका प्रश्नाशीं अडलें होतें. दोन पानांचा नमुना आणि तीन सह्या वेळींच झाल्या असत्या तर तो प्रश्न कोणाला विचारतांच आला नसता. म्हणून मुलीच्या बापांना माझें सांगणें आहे, कीं बैठकींत जेथें भांडीं-कुंडीं आणि मानपान ठरतें, तेथेंच ठरवून टाका: नोंद कोठें होणार, कोणत्या दिवशीं होणार, साक्षीदार तिघे कोण. आणि दाखल्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हातांत, तिच्या पेटींत. सासऱ्याच्या कपाटांत नव्हे.

या लग्नसराईंत ज्यांच्या घरीं कार्य आहे त्यांच्यासाठीं मी शनिवारीं शाळा सुटल्यावर व्हरांड्यांत बसणार आहें. नोंदीचा नमुना आणि विशेष विवाहाच्या नोटिशीचा नमुना, दोन्हींच्या प्रती माझ्यापाशीं आहेत. येतांना दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, जन्माचे दाखले आणि आधार, सगळे मूळ घेऊन या; झेरॉक्स नको, झेरॉक्समध्यें तारखेचा आंकडा पुसट होतो. लिहिण्याचे पैसे पडणार नाहींत. ज्यांच्या घरांत लिहितां येणारी मुलगी आहे त्यांनीं तिलाच पाठवावें, तिच्याकडूनच भरून घेऊं.